चारवरून एकवर

पहिलवानाच्या घरात अकरा महिने सांगण्यासारखं काही घडत नाही. माणूस उठतो, तालमीत जातो, येतो, खातो, झोपतो. मग आमच्या गावच्या यात्रेतल्या दंगलीचा फ्लेक्स स्टँडवर लागतो आणि तिथून रोज एक किस्सा. भांडी घासताना एक आठवला की त्याचा पदर धरून दुसरा येतो. मी ते बायांना तुकड्या-तुकड्यानं सांगितलेत. कोणाला पहिला माहीत, कोणाला मधला, आणि जी ती मला रस्त्यात थांबवून विचारते, "मग पुढं काय झालं?" म्हणून म्हटलं, आता ओळीनं लिहूनच काढावेत.

दंगल म्हणजे भांडण नाही बरं का. आमच्या खान्देशात यात्रेतल्या कुस्त्यांना दंगल म्हणतात. आमचं गाव जळगावजवळ, असोद्याच्या पुढं, केळीचं आणि कपाशीचं. माझे मिस्टर योगेश तिथले पहिलवान. मी माहेरची शिंदखेड्याची. शिकले सातवीपर्यंत, पण फ्लेक्स वाचायला तेवढं पुष्कळ होतं.

*

तर फ्लेक्स लागला. त्याच्यात सगळ्यात वर एक नंबरची कुस्ती. तिथं आमच्याच तालमीचे विलास पहिलवान, खांद्यावर गदा घेतलेला गुडघ्यापर्यंतचा फोटो. त्यांच्या समोर हरियाणाचा पहिलवान, तेवढाच मोठा. मग दोन नंबर, मग तीन, फोटो कमी कमी होत जाणारे. चार नंबरला आमचे. पोस्टाच्या तिकिटाएवढे.

आमच्या सासूबाईंना घरात आणि गावात सगळे अक्का म्हणतात. अक्का बाजाराच्या निमित्तानं स्टँडवर गेल्या आणि फ्लेक्सखाली उभ्या राहून त्यांनी सगळे फोटो नीट पाहिले. खालच्या ओळीत शुभेच्छा देणारे होते. त्यातल्या एकाचा फोटो आमच्या ह्यांच्यापेक्षा मोठा निघाला.

अक्का तशाच फ्लेक्सवाल्याच्या दुकानात. "ज्यानं जन्मात लंगोट घातला नही, त्याचा फोटू माह्या पोराहून मोठा कसा?"

फ्लेक्सवाला म्हणाला, "अक्का, आमच्या हातात काही नसतं. पहिलवान मोठा झाला की फोटो आपोआप मोठा होतो."

अक्का म्हणाल्या, "ब्याण्णव किलोचा हाये तो. अजून किती मोठा करू?"

*

नंबर फक्त फ्लेक्सवर असता तर ठीक होतं. तो गिरणीत पण असतो, हे मला लग्न होऊन इथं आल्यावर कळलं.

यात्रा जवळ आली की गिरणीवर दळणाची गर्दी होते. आमच्या गावचा गिरणीवाला कुस्तीचा एवढा शौकीन की पहिलवानांच्या घरचे डबे तो फ्लेक्सच्या नंबरानं लावतो. विलास पहिलवानांच्या ज्योतीवहिनी कधीही येवोत, त्यांचा डबा पहिला. त्यांना बसायला स्टूल. आम्ही चार नंबरवाले पायरीवर.

त्या दिवशी गुड्डी कडेवर झोपली होती. माझी पोरगी, दीड वर्षाची. हात भरून आला म्हणून मी गिरणीवाल्याला म्हटलं, "भाऊ, माझं दादर ज्वारीचं थोडंच दळण आहे, आधी घेता का?"

तो चाळणी झटकत म्हणाला, "वहिनी, मी घेतलं असतं. पण तीन नंबरवाल्यांना काय तोंड दाखवू?"

ज्योतीवहिनी स्टुलावरून हसल्या. त्यांनी सरकून मला अर्ध्या स्टुलावर जागा दिली नाही, तेवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं.

*

आता खरं दुखणं काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मागच्या वर्षी धुळ्याकडच्या एका दंगलीत समोरच्यानं ह्यांची मान खाली दाबून धरली. आत काहीतरी कट् वाजलं म्हणे. कुस्ती जिंकूनच आले, गुलालानं माखून. मी पण ओवाळलं. पण दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की हे गुड्डीला फक्त उजव्या हातानं उचलतात. डाव्या हातात देऊ गेलं की म्हणायचे, "थांब, हात ओला आहे." दिवसभर एका माणसाचा एकच हात किती वेळा ओला असेल?

मग एकदा जेवताना डाव्या हातातून पाण्याचा स्टीलचा गिलास पडला. पडला ते पडला, पण पडल्याचं ह्यांना कळलंच नाही. हात तसाच गिलास धरल्यासारखा वर.

मी जेवण सोडून उठले. हात धरला. शेवटची दोन बोटं मी चिमटीत दाबली, चांगली नखं लावून. चेहऱ्यावर काही नाही.

"कधीपासून?"

"मधूनमधून होतं. जातं आपोआप."

"नानांना सांगितलं?"

नाना म्हणजे तालमीचे वस्ताद. ह्यांना नवव्या वर्षापासून मातीत घडवलेलं. हे म्हणाले, "नानांना कळलं तर ते मला उभं करणार नाहीत. एकदा का मान गेलेला पहिलवान म्हणून नाव झालं की कोणी जोड देत नाही. तू गप्प राहायचं." आणि माझा हात उचलून झोपलेल्या गुड्डीच्या डोक्यावर ठेवला. "कोणाजवळ बोललीस तर हिची शपथ."

त्या दिवसापासून मी गप्प आहे, असं ह्यांना वाटतं. तोंड गप्प होतं. बाकी काही गप्प नव्हतं. चार नंबरची कुस्ती म्हणजे आपल्याच तालुक्यातला, आपल्याच वजनाचा कोणीतरी. एवढी निभावून नेतील, असं मी मनाला सांगत होते. चार नंबरची मला लाज वाटत नव्हती. मला तो फोटो तिकिटाएवढाच राहायला हवा होता.

*

नानांचा एक नियम आहे. फ्लेक्स लागला की पहिलवानानं घरी झोपायचं नाही. दंगल होईपर्यंत मुक्काम तालमीत. डबा घरून जाईल, पण घरच्या बाईनं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही.

म्हणजे ज्या दिवसांत मला त्यांच्या हाताकडं बघत बसायचं होतं, तेच दिवस ते डोळ्यांआड. मग मी डब्यावरून ओळखायला लागले. भाकरी चतकोर उरली तर झोप नाही झाली. वरणाचा डबा आतून चाटूनपुसून साफ, तर आज जोर जास्त मारले. एक दिवस डबा आला तर झाकण चेपलेलं.

मी डबा आणणाऱ्या पहिलवानाला विचारलं, "झाकणाला काय झालं?"

"काही नाही वहिनी, योगेशभाऊच्या हातून सटकलं."

"कोणत्या हातातून?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "वहिनी, डबा भाकरीचा होता, भाकऱ्या उचलून खाल्ल्या आम्ही. एवढी काय चौकशी?"

अक्का आतून म्हणाल्या, "नव्या डब्याचं दुखते तिले. माहेरचा हाये ना."

मी म्हटलं, हो. माहेरचाच आहे.

*

दंगलीला पंधरा दिवस होते तेव्हा दोन नंबरच्या पहिलवानाची पोलीस भरतीची मैदानी चाचणी नेमकी त्याच तारखेला निघाली. तो गेला. तीन नंबरवाल्याचं वजन समोरच्याच्या जवळपास जाईना. नानांनी रात्र नाही काढली विचारात, तिथल्या तिथं बोट दाखवलं. आमचे चारवरून एकदम दोनवर.

नवा फ्लेक्स छापायला वेळ नव्हता. फ्लेक्सवाल्यानं दोन नंबरच्या पहिलवानाचं धड तसंच ठेवलं आणि वर ह्यांचं तोंड चिकटवलं. तो गेलेला पहिलवान ह्यांच्या दीडपट रुंद. त्यामुळं खांदे त्याचे, तोंड ह्यांचं, आणि तोंड जरा खाली बसल्यामुळं मधली मानच गायब.

अक्का खूश. "बघ कसा भरला माहा पोरगा. पंधरा दिवस तालमीत ऱ्हायला तर कसा फरक पडला."

मी म्हटलं, "अक्का, मान कुठं आहे?"

अक्का म्हणाल्या, "पहिलवानाले कशाले लागते मान?"

त्या दिवशी गिरणीत गेले तर माझा डबा दोन नंबरला. पायरीवरून मी एकदम बाकड्यावर. दूधवाला सांगितल्याशिवाय एक माप जास्त घालून गेला आणि म्हणाला, "पहिलवानाला द्या, पाणी नाही घातलेलं." म्हणजे इतके दिवस घालत होता, हे पण त्याच दिवशी कळलं.

*

विलास पहिलवानांचा गुडघा गेला. म्हणजे गेलेलाच होता, कळलं त्या आठवड्यात.

झालं काय, की ज्योतीवहिनी स्वतः तालमीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि नानांना म्हणाल्या, "ह्यांना गुडघ्यात पाणी झालंय. दोन महिने गोळ्या खाऊन लपवतात. आता तुम्ही बघा." नानांनी सगळ्यांसमोर विलासभाऊंना म्हटलं, दहा बैठका मार. सातव्या बैठकीला ते खाली बसले ते भिंतीला धरून उठले.

नानांनी त्यांचा बिछाना गुंडाळून घरी पाठवला.

तिसऱ्या दिवशी गिरणीत मी पाहिलं, ज्योतीवहिनींचा डबा साध्या लोकांच्या रांगेत, बाराव्या का तेराव्या नंबरला. स्टुलावर कोणाचं तरी पोतं ठेवलेलं. वहिनी उभ्या. बाया आपसात बोलत होत्या, पण त्या जवळ आल्या की बोलणं डाळीच्या भावावर जायचं. स्टँडवर विलासभाऊ चहाला गेले तर कोणी खुर्ची सोडली नाही म्हणे. ते चहा न पिताच परत आले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "भाऊ कसे आहेत?"

"भिंतीकडं तोंड करून झोपतात. माझ्याशी बोलत नाहीत." वहिनींनी डोक्यावरचा पदर नीट केला. "पण चालतात तर नीट."

मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुला काय झालं गं? तुझा नवरा वर चढला आणि तूच वाळत चालली."

मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं. पण वहिनींकडून कोणी पोरीची शपथ घेतली नव्हती. त्यांचं बरं होतं.

*

एक नंबर रिकामा झाला. हरियाणाचा पहिलवान तर येणार होता, त्याचा शब्द झालेला. त्याच्यासमोर गावचाच माणूस पाहिजे. आणि गावात आता नाव घ्यायला एकच.

हे मला कोणी घरी येऊन सांगितलं नाही. मोबाइलवर सगळ्यांच्या स्टेटसला ह्यांचा फोटो दिसला, खांद्यावर गदा. गदा विलासभाऊंची होती, तोंड ह्यांचं.

दुपारी शिंदखेड्याहून आईचा फोन. आमच्या माहेरी अहिराणी बोलतात. "काय वं, बठ्ठा गावमा तुना नवराना फोटू फिरी ऱ्हायना! तू सांगं बी नही?" मी काही म्हणायच्या आत फोन आबांनी ओढून घेतला, म्हणजे माझ्या वडिलांनी. "मना जवाई एक नंबर शे. आम्ही क्रूझर करीसन येतस. नरडाणावाला मामासनी कंपनीमा सुटी बी टाकी."

मी म्हटलं, "आबा, येऊ नका. ऊन खूप आहे."

आबा म्हणाले, "आथं काय बरफ पडी ऱ्हायना का?"

संध्याकाळी अक्कांच्या भाच्यानं त्या हरियाणाच्या पहिलवानाचा व्हिडिओ आणून दाखवला. एकशे अठरा किलोचा गडी. ट्रॅक्टरचा मागचा टायर उचलतो, उलटा करतो, परत उचलतो. मान अशी, की डोक्यापासून खांद्यापर्यंत सरळ उतार. मी दोनदा पाहिला आणि पाणी प्यायला उठले.

अक्कांनी शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "इतकं करण्यापेक्षा जॅक लावायचा."

*

मग मी ठरवलं, शपथ मोडायची नाही, पण नानांच्या कानावर घालायचं. न सांगता सांगायचं. म्हणजे नुसतं "लक्ष द्या" म्हणायचं. नाना शहाणे, ओळखतील.

डबा द्यायला मीच गेले, गुड्डीला घेऊन. नाना उंबऱ्यावर बसून बदाम निवडत होते. आत जोर चाललेले, मातीचा आणि तेलाचा वास. हे पाठमोरे दिसले. गुड्डीनं "बा" म्हणून हाक मारली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही, तोही नियमच.

मी डबा ठेवला आणि तशीच उभी राहिले.

"काय सूनबाई?"

"नाना, ह्यांच्याकडं जरा..." मी गुड्डीला कडेवर सावरलं. "म्हणजे मला रोज काळजी वाटते. घरी राहवत नाही. एकदा तरी तुम्ही जवळून बघाल का..."

नानांनी बदाम खाली ठेवले. माझ्याकडं पाहिलं, मग गुड्डीकडं, मग जमिनीकडं. खाकरले. आणि मोठ्यानं, आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई, मी समजतो. तरुण वय आहे. पण आठच दिवस राहिले. तेवढा धीर धर. मग नवरा तुझाच आहे."

आत जोर थांबले. एकजण हसला, मग सगळे. ह्यांचे कान मागून लाल झालेले मला दिसले.

मी डबा तिथंच टाकून अशी चालत सुटले, की गुड्डीची एक चप्पल तालमीच्या दारात राहिली आणि ती आणायला परत जायची माझी हिंमत झाली नाही. अक्कांना कोणीतरी आधीच फोन केला होता. त्या आठवड्यात त्यांनी डबा द्यायला मला परत पाठवलं नाही.

*

आता दंगलीच्या दिवसाचं.

शाळेचं मैदान. मधे लाल मातीचा हौद, भोवती दोर, दोराच्या बाहेर माणसंच माणसं. बायका शाळेच्या गच्चीवर. माझे आई-आबा आणि नरडाण्याचे मामा क्रूझर करून आलेले, आबांच्या डोक्याला फेटा. दुपारपासून कुस्त्या चालल्या होत्या आणि मला एकही आठवत नाही. उन्हं कलली तेव्हा हलगी जोरात वाजली आणि नाना मैदानात आले. एका हातात आमचे, दुसऱ्या हातात हरियाणाचा.

आमच्या गावात एक नंबरच्या कुस्तीची पद्धत आहे. वस्ताद आधी दोन्ही पहिलवानांचे हात एकमेकांच्या हातात देतात आणि त्यांना मैदानाची पूर्ण फेरी मारून आणतात, सगळ्यांना जोड दिसावी म्हणून. मग मधे उभं करून माइकवर विचारतात, "गावकऱ्यांनो, जोड मंजूर आहे का?" सगळे ओरडतात, "मंजूर." की हलगी सुरू. अक्का म्हणतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून कोणी वेगळं उत्तर दिलेलं नाही. ते विचारणं उत्तर घेण्यासाठी नसतंच.

फेरी गच्चीखालून गेली. मी वरून पाहिलं. ह्यांचा डावा हात त्या माणसाच्या हातात होता. तीन बोटं त्याच्या पंजावर वळलेली होती. दोन सरळ, काडीसारखी बाहेर.

मी गुड्डीला कडेवर घेतलं आणि जिना उतरले. का उतरले, खाली जाऊन काय करणार होते, काही ठरवलेलं नव्हतं. गर्दीतून वाट काढत दोरापाशी पोचले तेव्हा नाना माइकवर म्हणत होते, "जोड मंजूर आहे का?"

"मंजूर," सगळं मैदान.

"नाही."

मला वाटलं मी मनात म्हटलं. पण हलगीवाला नानांच्या इशाऱ्यासाठी थांबलेला होता आणि नेमकं त्याच क्षणी मैदान शांत होतं.

"कोण बोललं?"

लोकांनी माझ्याकडं बोटं दाखवली. नाना डोळे बारीक करून बघत म्हणाले, "सूनबाई? घरी जा."

"जाते. पण मंजूर नाही."

"कारण?"

कडेवर गुड्डी होती. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली. "कारण सांगता येत नाही, नाना. पण मला मंजूर नाही."

हसू फुटलं. कोणीतरी ओरडलं, "पहिलवान, आधी घरची कुस्ती निकाली काढा." परत हसू. गच्चीवर अक्का उभ्या राहिलेल्या दिसल्या. हे माझ्याकडं बघत होते. लग्नाला चार वर्षं झाली, ह्यांनी माझ्याकडं तसं कधी पाहिलं नव्हतं. मी समजून गेले, आता हा माणूस जन्मभर माझ्याशी बोलणार नाही. म्हटलं, चालेल.

हरियाणाच्या पहिलवानानं नानांना विचारलं, "क्या हुआ?" नानांनी सांगितलं. त्याच्या हातात ह्यांचा हात अजून तसाच होता. त्यानं त्या हाताकडं पाहिलं. बोटं एकेक करून चाचपली. मग हात सोडला आणि सरळ दोरापाशी आला.

एवढा उंच, की मला मान वर करावी लागली. गुड्डीनं माझ्या पदरात तोंड लपवलं. तो वाकला आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाला, "भाभीजी, बायाँ हाथ?"

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. गुड्डीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, एवढंच.

तो परत गेला. नानांच्या हातातून माइक घेतला. "भाइयो, मेरे पेट में बहुत दर्द है. कुश्ती नहीं होगी. माफ़ करना." आणि दोन्ही हातांनी पोट धरून मातीत बसला.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. पाण्याच्या बाटल्या पडल्या त्याच्या अंगावर. "हरियाणा भ्याला" म्हणून गाव नाचलं. आमच्या पहिलवानाला लोकांनी खांद्यावर घेतलं. आबा फेटा सुटेपर्यंत हलगीवर नाचले. स्टेटसला तासाभरात आलं, योगेश पहिलवानाला बघूनच पोटात गोळा. तो बिचारा मातीत बसून ते सगळं बघत होता आणि मधूनमधून कण्हत होता.

आमच्याकडं अजून एक रीत आहे. हरला, जिंकला, काही झालं तरी बाहेरचा पहिलवान गावच्या पहिलवानाच्या घरी जेवतो. अंधार पडायच्या आत तो बॅग घेऊन आला. ओट्यावर अर्धं गाव बसलेलं. अक्कांनी वरण-बट्टी केली होती, तुपाची भरणी बाहेर काढली होती. हे त्याच्या शेजारी बसले. घरी आल्यापासून माझ्याशी एक शब्द नाही.

जेवण अर्ध्यावर आलं. मग ह्यांनी डावा हात ताटावरून उचलून अक्कांच्या पुढं धरला. "अक्का, ही दोन बोटं मले कळत नही. मान दुखावली तेव्हापासून."

अक्कांनी भरणी खाली ठेवली. बट्टी भाजली का बघतात तशी एकेक बोट दाबून पाहिलं.

"हे?"

"नही."

"हे?"

"नही."

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ. मग ह्यांचा हात परत त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला, जसा काही तो त्यांचा नव्हता, कोणाचा तरी सांभाळायला दिलेला होता. म्हणाल्या, "उद्या सकाळी जळगावले जायाचं. मोठ्या डॉक्टरकडे. सूनबाई बी येईन."

हे म्हणाले, "हो."

अक्कांनी पदरानं डोळे पुसले, भरणी परत उचलली आणि पाहुण्याकडं वळल्या. त्याच्या ताटात तोपर्यंत एकोणीस बट्ट्या होऊन गेल्या होत्या, मी वाढत होते म्हणून मला माहीत.

"और तुम्हारा पेट कैसा है बाप्पा?"

त्यानं हाताचं तूप पुसलं. माझ्याकडं बघितलं नाही, ह्यांच्याकडंही नाही. अगदी गंभीर तोंड करून म्हणाला, "माताजी, अभी भी थोड़ा दर्द है. दो और दे दो."